विमानाचं दुकान अन् पत्र्याचा सिग्नल

प्लास्टिकच्या विमानाचं किट येतं ना, त्याचे सगळे तुकडे एका फ्रेमीला चिकटलेले असतेत. झाडाला कैऱ्या लटकतेत तसे. एकेक तुकडा तोडायचा, डिंक लावायचा, जोडायचा. विमान झालं की ती रिकामी फ्रेम उरती. कामाला येत न्हाई अन् फेकू बी वाटत न्हाई. आमच्या पूर्णा जंक्शनला वसंतशेटच्या दुकानात असल्या फ्रेमींचा ढीग व्हता. किस्स्यांचं बी तसंच हाय बगा. माणसं एकेक करून तुटून गेली, अन् माझ्याजवळ ह्या नुसत्या फ्रेमी उरल्या!

मी गणपा. रेल्वेत पॉइंट्समन व्हतो, रूळ फिरवून गाडी ह्या लाईनीवरून त्या लाईनीवर घालणारा. सही करता येती, दुकानाच्या पाट्या अक्षर लावून लावून वाचतो. पण लोकांची टोपी उडवायला शिक्षण लागत न्हाई, त्यात मी पयल्यापासून हुशार!

*

दुकान स्टेशन रोडला. वसंतशेटच्या बापाच्या वक्ताला तिथं वह्या, पेनं, पतंग अन् मांजा मिळायचा. मंग वसंतशेट एकदा वह्या आणाया हैदराबादला गेला अन् वह्या सोडून विमानाचे खोके घेऊन आला. विमानं, जहाजं, इंजनं. सगळं तुकड्या-तुकड्यात. बाप कपाळाला हात लावून बसला.

त्याच आठवड्यात पेडगावचा एक शेतकरी लेकराला पाटी घ्यायला आलता. त्यानं खोका उचलला, हलवला, कानाला लावला.

"शेट, ह्ये उडतंय का?"

"न्हाई."

"मंग?"

"घरी बसून जोडायचं."

"बरं, जोडलं. पुडं?"

"पुडं बगायचं."

पावण्यानं खोका लय जपून खाली ठेवला. म्हणला, "रानात मी बुजगावणं जोडतो अन् बगत बसतो. पण त्याला बगून पाखरं तरी पळतेत!"

वसंतशेट हसला न्हाई. म्हणला, "पावणं, ह्याला बगून माणसं येतेल."

अन् आली की! रेल्वेचं गाव. ड्रायव्हर, गार्ड, बाबू, सगळे बाहेरगावचे. ड्युटी झाली की खोलीवर भिंती बगत बसायचे. आता दुकानात येऊन पंखं चिकटवत बसाया लागले. मला नीट वाचता येत न्हाई म्हणून मी लाजत व्हतो, तर कळलं की खोक्यातला कागद इंग्रजीत हाय अन् तिथं बसलेल्या कुणालाच तो धड वाचता येत न्हाई. सगळेच चित्र बगून जोडायलेत. त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो.

*

समोर गफूरभाईचं शिलाईचं दुकान. गफूरभाईला बी नाद लागला. त्यानं हलक्या लाकडाचं किट घेतलं. त्यात कागदावर आकार काढलेले असतेत, तसे लाकडाचे तुकडे आपण कापायचे.

गफूरभाईनं विमान आणलं तेव्हा आमी बगतच राहिलो. पोट फुगलेलं, पंखं जाड, शेपूट तर फावड्याएवढं. मी म्हणलं, "गफूरभाई, ह्ये विमान न्हाई, गाभण म्हैस हाय!"

वसंतशेटनं नीट बगितलं. सगळा आकार बरोबर, पण चारी बाजूनं बोटभर जास्त. "गफूरभाई, लाईनवर कामून न्हाई कापलं?"

गफूरभाई आमच्यावरच चिडला. "अबे, सीधा लाईन पे कोन काटता? मार्जिन नको रखना क्या? कल को ढीला करना पडा तो लकडी कां से लाऊं?"

आयुष्यभर शाळेच्या लेकरांचे कपडे शिवलेला माणूस! त्याचं विमान बी पुडच्या वर्षी वाढणार व्हतं.

*

दुकानाची एक रीत व्हती. ज्यानं विमान जोडलं त्याचं विमान छताला टांगायचं. अन् त्याची बदली झाली की विमानाचं तोंड त्या गावाकडं करायचं. नांदेडला गेला, तोंड नांदेडकडं. अकोल्याला गेला, तोंड हिंगोलीच्या लाईनीकडं. मनमाडवाल्यांची तोंडं परभणीकडं. विमान फिरू नये म्हणून दोन दोरे, एक पुडून, एक मागून.

वसंतशेट मान वर करून सांगायचा, "ते पिवळं, ते कुलकर्णीबाबू. सिकंद्राबादला हायेत. ते मोडक्या चाकाचं, भोसले ड्रायव्हर."

अन् म्हणून दुकानातला पंखा कधी लावायचा न्हाई! मे महिना, परभणी जिल्ह्याचं ऊन, वर चांगला चालू पंखा, अन् आमी खाली कागदानं वारा घ्यायलोत. नवं गिऱ्हाईक म्हणायचं, "शेट, लाईट गेली का?" वसंतशेट म्हणायचा, "न्हाई, विमानं हायेत."

एका दुपारी वसंतशेट मागं पाणी प्यायला गेला अन् मी बटण दाबलं. फुल्ल! विमानं अशी गरगर फिरली की दोरे एकमेकांत अडकले. नांदेडवालं मनमाडला, अकोलावालं थेट कोपऱ्यात.

वसंतशेट धावत आला. बटण बंद केलं. मला वाटलं आता शिव्या खातो. तो कमरेवर हात ठेवून वर बगत राहिला अन् म्हणला, "गणप्या, एवढ्या बदल्या तर रेल्वेनं बी कधी एका दिवसात केल्या न्हाईत रे!"

*

आता गार्डसाब. मालगाडीचे गार्ड. काळा कोट, पांढरी पँट, उन्हाळ्यात बी गळ्यापर्यंत बटणं. त्यांना विमानात गोडी न्हाई. त्यांनी किटातलं इंजन जोडलं. त्याच्यासंगं सिग्नल आला तो काडीपेटीतल्या काडीएवढा. गार्डसाब म्हणले, "ह्याला ड्रायव्हर दुर्बीण लावून बगणार का?" अन् स्वतः पत्रा कापून हातभर उंच सिग्नल केला. जुन्या धाटणीचा, लाल हात असलेला. हात आडवा म्हंजे थांब. दोरी ओढली की हात खाली पडायचा, म्हंजे जा. दाराजवळ काउंटरवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्डसाब आले अन् दाराबाहेर उभे राहिले. ऊन डोक्यावर.

वसंतशेट म्हणला, "आत या की, साब."

"कसा येऊ? तुमचा सिग्नल पडला न्हाई."

आमाला वाटलं गंमत करायलेत. पण माणूस खरंच हलंना. दोरी माझ्या हाताजवळ. मी मुद्दाम ओढली न्हाई. कोटातून घाम गळायलाय, गार्डसाब उभे. शेवटी गफूरभाईनं येऊन दोरी ओढली, तेव्हा आत आले.

मी पोट धरून हसायलो. गार्डसाबनी रुमालानं मान पुसली. म्हणले, "हास. तू एकटा चालतोस, गणपा. माझ्यासंगं अख्खी गाडी चालती."

तरी मी सोडलं का? आठवड्यातून एकदा तरी त्यांना उन्हात उभं केलंच! त्यांनी एकदा बी आडव्या सिग्नलला पाय आत टाकला न्हाई.

*

गफूरभाई गेला. मशीनवर बसल्या-बसल्याच. पायाखालची पट्टी हालायची थांबली, इतकंच.

माती देऊन आलो. दुसऱ्या दिवशी वसंतशेट स्टुलावर चढला, त्या लठ्ठ विमानाला हात लावून उभा राहिला. खाली बगून म्हणला, "गणपा, ह्याचं तोंड कुटं करू?"

मी म्हणलं, "कबरस्तानाकडं कर."

"तिथं तर ठेवून आलो आपण. पण गेला कुटं?"

मला काय ठाऊक? मी पॉइंट्समन. गाडी कुटून कुटं जाणार ते वरून कळवायचे, तवा मी पॉइंट फिरवायचो.

वसंतशेटनं मागचा दोरा सोडला. विमान एका दोऱ्यावर राहिलं. वारा आला की आपलं आपण हळूहळू फिरायचं, कधी दाराकडं, कधी शिलाईच्या दुकानाकडं. तवापासून रीतच पडली. जो हाय त्याला दोन दोरे. जो गेला त्याचा एक सोडायचा.

पुडं पुडं फिरणारीच विमानं जास्ती झाली.

*

गिऱ्हाईक आटलं. लेकरांच्या हातात मोबाईल. त्यात विमान जोडायचं कामच न्हाई, बोट लावलं की उडायलंय!

एक दिवस पुण्याहून एक पोरगा आला. पाठीला बॅग, डोळ्याला मोठा चष्मा. मागच्या फळीवरचा धुळीचा खोका बगून त्याचा श्वासच अडकला. "काका, सीलबंद आहे! असं आता कुठेच मिळत नाही!"

वसंतशेटच्या तोंडावर लय दिवसांनी उजेड आला. "घ्या की. डिंक हाय का तुमच्याकडं? की देऊ?"

"नाही नाही, काका. उघडायचं नाही. असंच ठेवायचं."

"कुटं ठेवायचं?"

"कपाटात. काचेच्या. कलेक्शन आहे माझं."

"म्हंजे जोडणार न्हाई?"

"उघडलं की व्हॅल्यू जाते ना, काका!"

वसंतशेटनं गल्ल्यातून ब्लेड काढलं अन् त्या पोराच्या डोळ्यादेखत खोक्याची पट्टी सर्रकन कापली! झाकण काढलं, फ्रेमी बाहेर काढून काउंटरवर मांडल्या.

म्हणला, "आता घ्या. आता कामाचं झालं."

पोरगा रडायचाच बाकी राहिला. त्यानं घेतलं न्हाई. ते विमान मग आमी दोघांनीच जोडलं. वसंतशेटला दिसंना, माझा हात थरथरायलाय. पंख उलटा बसला. ठेवला तसाच.

*

गार्डसाब रिटायर झाले, बायको गेली, अन् मग हळूहळू डोकं रिकामं व्हायला लागलं. आधी गाड्यांची नावं गेली. मग आमची. मला म्हणायचे, "आपण कुटल्या डेपोचे?"

पण ड्युटी गेली न्हाई. दुपारची जेवणं झाली की कोट घालायचे अन् निघायचे यार्डाकडं. सूनबाईचा डोळा चुकवून. एकदा रुळाच्या मधोमध सापडले. मालगाडीच्या ड्रायव्हरनं लांबून बगितलं म्हणून वाचले.

घरात धरून ठेवावं तर आदळआपट. दाराला कुलूप लावलं तर रडायचे, म्हणायचे, "माझी गाडी उभी हाय."

त्यांची गल्ली दुकानाच्या बगलेला निघती. वसंतशेटनं काय केलं, तो सिग्नल काउंटरवरून उचलून बाहेर पायरीवर ठेवला. हात आडवा.

गार्डसाब आले. सिग्नल बगितला. थांबले. पायरीवर बसले. सूनबाई येऊन घेऊन जाईपर्यंत हलले न्हाईत.

तवापासून रोज तसंच. दुकानात कुणी काडीचं घ्यायला येत न्हाई, पण वसंतशेट दुपारी शटर वर करायचाच. पुण्याहून त्याच्या पोराचा फोन यायचा, "अण्णा, कुणासाठी उघडता?" वसंतशेट म्हणायचा, "एक गाडी येती रोजची."

*

शेवटी वसंतशेटचे गुडघे गेले. पोरानं दुकान भाड्यानं देऊन टाकलं अन् बापाला पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथं आता मोबाईलचे कव्हर मिळतेत. दुकान बंद व्हायच्या आधी गार्डसाबची सूनबाई आली, पदरानं डोळे पुसत म्हणली, "काका, तुमी गेल्यावर ह्यांना कोण थांबवील?" वसंतशेट पायरीवरच्या सिग्नलची धूळ पुसाया लागला.

शेवटच्या दिवशी तो स्टुलावर चढला. मी स्टूल धरलं. सगळ्या विमानांचा मागचा दोरा सोडला. गेलेल्यांचा तर आधीच सुटलेला, आता असलेल्यांचा बी. खाली उतरला, खुर्ची बरोबर मधी ओढली, अन् मला म्हणला, "बटण दाब."

मी म्हणलं, "शेट, मी?"

"तुझंच काम हाय ते."

पंखा फिरला. विमानं फिरली. एकाचं चाक पडलं, एकाचा पंख. गफूरभाईची म्हैस सगळ्यात जड, ती आपली हळू फिरायली. वसंतशेट डोळे मिटून बसला. कपाळावरचा घाम वाळला तसा म्हणला,

"गणपा, लय गार वारं लागतंय रे. एवढी वर्षं मला कुणी सांगितलंच न्हाई!"

*

दुसऱ्या दिवशी वसंतशेटची पुण्याची गाडी दुपारची. मी सकाळीच सिग्नल उचलून गार्डसाबच्या घरी नेला. दाराबाहेर वट्यावर भिंतीला खिळे मारून बसवला. हात आडवा. सूनबाई म्हणली, "दुकान न्हाई, इथं थांबतेल का हो मामा?" मी म्हणलं, "मला काय म्हाईत, माय."

जेवण झालं. गार्डसाबनी कोट घातला. बाहेर आले. मी अन् सूनबाई श्वास धरून. त्यांनी भिंतीकडं बगितलं, सिग्नल बगितला, कोटाची बटणं चाचपली, अन् वट्यावर बसले.

सूनबाई आत जाऊन रडली.

तेवढ्यात रिक्षा आली. वसंतशेट बॅग घेऊन उतरला. निरोप घ्यायला. गार्डसाबच्या पुडं उभा राहिला. "येतो, साब. पुण्याला चाललो."

गार्डसाबनी ओळखलं न्हाई. वर बगितलं, मग बॅगेकडं, मग भिंतीकडं.

"कुटं चाललात? बसा."

"गाडीची वेळ झाली, साब."

"असंल. बसा."

वसंतशेटनं बॅग खाली ठेवली. बसला त्यांच्या बाजूला. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. मी म्हणलं, "शेट, गाडी लागायली की!" अन् दोरी ओढायला हात वर केला.

वसंतशेटनं माझं मनगट धरलं.

"हात नको लावू, गणपा. सिग्नल पडला न्हाई अजून."