मामींच्या रंगाची फाइल

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसावा. मामांचा पंचवटीत फोटोंचा धंदा. विटलेल्या फोटोवरून गेलेल्या माणसाचा मोठा रंगीत फोटो तेराव्याच्या आत करून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दुकानात कॉम्प्युटर आला आणि मामांच्या जिवाला घोर लागला. वाऱ्यानं काही पुसलं जायला नको म्हणून पंखा लावताना ते स्क्रीनवर पंचा टाकत. फोटोतलं नाक नीट करायचं झालं, तर आधी त्या नाकाच्या मालकाची परवानगी घेत, "जरा माफी असावी हं, आजोबा."

फोटोत भरायचे कातडीचे रंग त्यांनी स्वतः जमवले होते. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची एक फाइल होती. तिच्यात रंगांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला जिवंत माणसाचं नाव: 'निफाडचे व्याही', 'दूधवाला', 'शाळेतल्या बाई'. माणूस दिसला की त्याला खिडकीशी बसवायचं, फोटो काढायचा आणि रंग उचलायचा. गल्लीत याची दहशत होती. मामा टक लावून बघू लागले की धडधाकट माणूससुद्धा रक्तदाब तपासून येई. माझा रंग घेतला, त्यानंतर आठवडाभर मी स्कूटर फार सावकाश चालवली.

मामी जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका सकाळी मामांचा फोन आला. "जावईबापू, असाल तसे या. तुमची मामी पुसली गेली!"

कॉम्प्युटरवाल्यानं नवं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं आणि मामांचे सगळे रंग गायब झाले होते. घरातले मामींचे फोटो एक तर काळेपांढरे, नाहीतर लालसर पडलेले. वर्षश्राद्धाला लावायचा फोटो अजून व्हायचा होता आणि मामींचा रंग फक्त त्या फाइलीतच होता. "फ्लॉपीवर असेल ना?" मी विचारलं. मामांनी रेशमी कापडातून फ्लॉपी काढली. खंडेनवमीला त्यांनी तिची पूजा केली होती, तीही पूजा आतपर्यंत पोचावी म्हणून वरचा पत्रा सरकवून. हळद-कुंकू चकतीवर घट्ट बसलं होतं. फ्लॉपी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. आता खरोखर मलाही भीती वाटली.

शेवटी एका जुन्या फोल्डरात 'श्री' नावाची फाइल सापडली. फाइलच्या नावात शेवटी असतात ती टिंबापुढची तीन अक्षरं कुणाची कोण जाणे, म्हणून मामांनी ती पुसून टाकली होती, त्यामुळे नवं सॉफ्टवेअर तिला ओळखच देईना. मी अक्षरं जोडली, फाइल उघडली, आणि सगळे चौकोन परत आले. त्यात 'मामी'ही होत्या.

मी हुश्श केलं. मामांचा चेहरा मात्र उतरला.

"ही नाही हो ती. एवढी उजळ नव्हती. 'मला जरा गोरी करा' म्हणून मागं लागली होती, मग केली मी."

त्यांनी माऊस घेतला आणि रंग कणाकणानं गडद करू लागले. चुकलं तर होता तोही हातचा जाईल, या धास्तीनं मी श्वास रोखून बसलो. एका जागी ते थांबले. डोळे भरून आले होते.

"ही," ते म्हणाले. "जावईबापू, हे आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणि मीच विसरलो तर?"

मामांच्या भीतींना मी आजवर हसत आलो होतो. या भीतीला मला हसता आलं नाही. मी फाइल सेव्ह केली आणि त्यांच्या शेजारी तसाच बसून राहिलो.