लोखंडाला तेल

गाडी फाटकातून आत आली की अण्णा ओट्यावरून उठायचे आणि मी इंजिन बंद करेपर्यंत पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले असायचे. तळहात चाकाजवळ धरायचे, टेकवायचे नाहीत. डोळे मिटलेले. आतली धग हाताला लागली की विचारायचे, "आज लई थांबवली का गं हिला?"

"बाजारात गर्दी होती."

"मंग घटकाभर उभी राहू दे. लगेच पाणी नको मारू. तापल्या लोखंडाला गार पाणी सोसत न्हाई."

मी पिशव्या उचलून आत जायचे. चहा टाकून खिडकीतून पाहावं तर अण्णा तिथंच बसलेले. मावळतीचं पिवळं ऊन गाडीच्या पत्र्यावरून घसरून त्यांच्या टोपीवर आलेलं, आणि ते त्या चाकाशी हळू आवाजात काहीतरी बोलत असलेले. काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही. मला स्वयंपाक असायचा.

अण्णा माझे चुलत सासरे. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचे. मूलबाळ नव्हतं. काकू गेल्यावर त्यांनी जमीन बटाईनं दिली, बैलजोडी विकली, आणि दिनकर, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा पुतण्या, त्यांना नवीन जालन्याला आमच्याकडे घेऊन आला. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी एका बियाणे कंपनीच्या कचेरीत नोकरी करत होते आणि आमच्या घरी नुकतीच एक जुनी पांढरी व्हॅन आली होती. चालवायचे मीच. दिनकरला त्याची स्कूटर पुरायची.

सुरुवातीला अण्णांना शहरात करायला काही नव्हतं. जन्मभर कासरा धरलेले हात मांडीवर उताणे ठेवून ते ओट्यावरच्या बाजेवर बसून राहायचे. मग एके दिवशी त्यांनी बादली भरून घेतली, गाडी धुतली, आणि त्या दिवसापासून गाडी त्यांच्या ताब्यात गेली. हवा, पाणी, काचा, टायरमध्ये रुतलेले खडे, सगळं तेच बघायचे. दुपारच्या पांढऱ्या उन्हात त्यांना डुलकी लागायची आणि जागे झाले की ते स्वप्न सांगायचे. "आज आपली गाडी गावाकडं पांदीत पाह्यली. एकटीच चरून राह्यली होती."

"पेट्रोल महाग झालंय, चरू दे," मी म्हणायचे. त्यावर ते तोंडावर उपरणं धरून हसायचे.

गाडी किती जोरात पळते, याचं त्यांना कौतुक नव्हतं. "बैल बघाया गेलो की मी पळवून न्हाई बघायचो. आधी थांबवून बघायचो," असं ते दिनकरला सांगायचे. म्हणून त्यांचा सगळा जीव पुढच्या चाकांच्या डिस्कमध्ये. डिस्क म्हणजे चाकाच्या आत बसवलेली ताटलीएवढी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. आमचे मेकॅनिक सलीमभाई यांच्या गॅरेजमध्ये अण्णांनी ते एकदा उघडलेलं पाहिलं आणि घरी येऊन सगळ्यांना दोन बोटांच्या चिमटीत ताटली धरून दाखवलं. चाक कसं काढायचं, तेही ते तिथंच बघून शिकले.

त्या वर्षी नवरात्रात पुढून आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की बारीक, लांबलेली किंकाळी. दसरा झाला की सलीमभाईंकडे न्यायची, असं मी ठरवलं होतं. अण्णांना मात्र तो आवाज ओळखीचा वाटला.

"चाक रडून राह्यलंय," ते म्हणाले. "बैलगाडीचं बी असंच असतंय. वंगण मागून राह्यलं ते."

"सलीमभाई बघतील."

"बघू दे की. मी कुठं न्हाई म्हणलो."

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड अंगणात आलं. विळी, अडकित्ता, कुऱ्हाड, दिनकरचे पाने, अण्णांनी गावाहून आणलेला नांगराचा जुना फाळ. धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू. आमच्याकडे हे असंच चालत आलेलं. अण्णांनी गाडीही धुतली, जॅक लावून पुढची दोन्ही चाकं काढली आणि आतून स्वच्छ केलं. डिस्कवर पाणी पडल्यावर घटकाभरात तिच्यावर तांबूस गंज धरतो. धरतो आणि पहिल्या ब्रेकला निघूनही जातो. अण्णांना तो सणासुदीला बघवला नाही. त्यांनी करडईच्या तेलात फडकं बुडवलं आणि दोन्ही डिस्क, दोन्ही अंगांनी, बोटं घालून घालून पुसल्या. मग कुंकवाचं बोट लावून चाकं परत बसवली. संध्याकाळी मला सांगितलं, "बघ, आता रडायचं थांबंल तिचं."

दसऱ्याला सकाळी आम्ही सोनं द्यायला निघालो. मी गाडी चालवत होते, शेजारी अण्णा नवं धोतर नेसून, मागे दिनकर आणि दोन्ही मुलं आपट्याच्या पानांच्या पिशव्या घेऊन. गल्लीतून पहिल्या गिअरमध्ये बाहेर पडलो तोवर काही कळलं नाही. पुढे पुलाचा उतार लागला. मी ब्रेक दाबला. पायाला पॅडल नेहमीसारखंच लागलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. आवाज नाही, धक्का नाही. ती आपली शांतपणे पुढे जात राहिली, होडी वाहत जावी तशी. उताराच्या टोकाला रस्त्याच्या कडेला झेंडूचा ढीग होता, कमरेएवढा, भगवा आणि पिवळा, आणि तो काचेत मोठा मोठा होत आला. मी गिअर खाली टाकला, हॅन्डब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी मंदावत त्या ढिगात शिरून उभी राहिली. बॉनेटवर फुलं, वायपरमध्ये फुलं. फुलवाली वेळेवर बाजूला झाली होती, म्हणून तिला काही झालं नाही. तिचा आवाज तर मुळीच कमी झाला नव्हता.

"ओ बाई! गाडीला हार घालतेत, गाडीच हारात घालतेत व्हय?"

लोक हसले. मी हसले नाही. धाकट्या मुलीनं मागून विचारलं, "आई, आपण मुद्दाम आलो का इथं?"

गाडी दोरी बांधून हळूहळू सलीमभाईंकडे नेली. त्यांनी चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, नाकाशी धरलं.

"वहिनी, ह्याला तेल कोन लावलं? करडीचं हाय. भजी तळायची होती का?"

अण्णा एकदम पुढे झाले. "मी लावलं."

सलीमभाईंचं हसू तिथंच विरलं. "काका, ह्यानं तर धरायचं असतंय ना. तेल लावल्यावर धरनार कसं?" मग ते माझ्याकडे वळले. "पॅड तर आधीच संपले होते, म्हनून आवाज येत होता. आता तेल पिऊन साफ गेले. आन डिस्कला बघा किती रेघा पडल्यात, पातळ बी झालीय. दोन्ही बाजूच्या नव्या टाकाव्या लागतील."

घरी आल्यावर दिनकर मुलांसमोरच म्हणाला, "अण्णा, यापुढं तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. पोरं होती आत."

तो घाबरला होता, आणि बोलला ते बरोबरच होतं. अण्णांनी मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसले. ते दोन घास खाऊन उठायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांनी स्वप्न सांगणंही बंद केलं. नव्या डिस्क औरंगाबादहून आल्याचा सलीमभाईंचा निरोप आला त्या सकाळी ते पिशवी भरून दाराशी उभे होते.

"मी गावाकडं जातो, सूनबाई."

"काय करणार तिथं? बटाईवाला रान बघतोय. गोठा रिकामा आहे. जेवणाचं काय?"

"तिथं लोखंडाला तेल चालतं," ते म्हणाले.

माणूस एकदा असा निघाला की परत येत नाही, हे मी माहेरी माझ्या आजोबांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. बंद घरात, स्वतःच्या हातची भाकरी, आणि मग एक दिवस निरोप. पण रडून कुणी थांबतं यावर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, "जा. पण एसटीनं कशाला? डिस्क बदलल्या की गाडी लांबवर चालवून बघायचीच आहे. केदारखेड्यापर्यंत सोडते. चला आधी गॅरेजला."

गॅरेजमध्ये अण्णा लांब, लिंबाखाली उभे राहिले. सलीमभाईंनी जुन्या डिस्क काढल्या, नव्या डिस्कचा खोका उघडला, आतला मेणकागद सोडवला. झाडातून पडणारं ऊन चकतीवर आलं आणि ती तळ्यातल्या चंद्रासारखी ओली दिसली. सलीमभाईंनी ती हातात घेतली आणि बोटं एकमेकांवर चोळली. अण्णांची नजर त्या बोटांवर होती. ते दोन पावलं पुढे आले.

"काय हाये ते?"

"तेल, काका. कारखान्यातून लावूनच येतंय. गंज नको चढाया म्हनून."

"कारखान्यानं बी लावलं?"

"लावतेत की. बिलकुल लावतेत. बसवायच्या आधी पेट्रोलनं पुसून काढायचं फक्त."

अण्णांनी त्या चकतीवर एक बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळले, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मंग माझं येवढंच चुकलं, सूनबाई. पुसायचं राह्यलं."

"एवढंच," मी म्हटलं. "आता पुसा."

सलीमभाईंनी फडकं पुढे केलं. अण्णा पोत्यावर बसले, दोन्ही डिस्क पेट्रोलनं पुसल्या, पुन्हा पुसल्या, बोटाला काही लागतं का ते उन्हात धरून पाहिलं. मग बोटाचा ठसा राहू नये म्हणून कडेनं धरून सलीमभाईंच्या हातात दिल्या. नवे पॅड बसले, चाकं चढली.

"वहिनी, लगेच जोरात ब्रेक मारू नका," सलीमभाईंनी बजावलं. "रिकामा रस्ता बघून हळू दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दोघांची घासून वळख होऊ द्या."

"नवी जोडी हाये," अण्णा म्हणाले.

भोकरदनच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मैलोन्‌मैल पांढरा, जणू ढग रात्रीतून रानात उतरून तिथंच निजले होते. मी ब्रेक दाबत होते, सोडत होते. गाडी कलायची, सरळ व्हायची. राजूर मागे पडलं. अण्णा प्रत्येक वेळी हळूच म्हणायचे, "हां. अजून थोडं. सोड." किती वेळ असे चाललो होतो कुणास ठाऊक. रस्ता आमच्याखालून वाहत होता आणि आम्ही जागच्या जागी झुलत होतो.

केदारखेड्याला घराचं कुलूप त्यांनी उघडलं. मी आत गेले नाही, गाडीतच बसले. ते गोठ्यात गेले. रिकाम्या दावणीपाशी उभे राहिलेले मला दिसत होते. चौकटीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगत होती आणि ते तिच्यात हात घालून उभे होते, पाण्यात घालावा तसा. मग त्यांनी कुलूप लावलं, बटाईवाल्याशी दोन शब्द बोलले आणि येऊन माझ्या शेजारी बसले. पिशवी त्यांनी उतरवलीच नव्हती. मी गाडी वळवली.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे होते, आमच्याच घरी गेले. गाडीही पुढे विकली. पण त्यांची आठवण म्हटलं की मला परतीच्या वाटेवरचा तो तिसरा प्रहर दिसतो. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला आणि गाडी मुकाट्यानं उभी राहिली. शेळ्या आमच्याकडे न बघता ओलांडून गेल्या.

"उद्यापासून चाकं मी बघतो," अण्णा समोर बघत म्हणाले. "दिनकरला तू सांग."

"सांगते. पण तेलाची बाटली मी कपाटात ठेवलीय. कुलूप लावून."

"किल्ली?"

"माझ्याकडं."

अण्णांनी थोडा विचार केला. "मंग बराबर हाये," ते म्हणाले, आणि शेवटची शेळी पलीकडे गेल्यावर मला हातानं पुढे चलायची खूण केली.