मेजरसाहेबांचा राब

मला उभं केलं ते मेजरसाहेबांनी. हे आधी सांगतो, झालं ते मग. आठवीतून शाळा सोडून मी लातूरकडून कर्जतला कामाला आलो, कावीळ झाली आणि कंत्राटदारानं हाकललं. साहेबांनी दवाखान्यात नेलं, तिथल्याच कोंडाणे लेण्यांजवळच्या आपल्या जागेवर राखणीला ठेवलं.

सुट्टीवर आले की बूट काढायचे आणि अनवाणी टाच मातीत रोवायचे. "जमीन कुठं पळून जात नाही, गड्या!" अशी जागेची वेडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पगार उरला की गुंठे. फंड मोडला, त्यांच्या बायकोच्या, बाईंच्या पाटल्या गेल्या. बाई म्हणायच्या, "पोरीच्या कॉलेजची फी मातीनं भरणार का?"

"मी नसलो तर हीच माती भरेल," साहेब हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. साहेब अर्धी सुट्टी टाकून गेले. तारेचं कुंपण राहिलंच.

त्या दिवसापासून जागांचा एक दलाल रोज यायला लागला. "साहेबांचा फोन येतो का रं?" आवाज मायेचा, नजर हद्दीच्या दगडांवर. एके सकाळी त्याची माणसं जागेच्या मधोमध शेण आणि पालापाचोळा पसरून गेली. मला वाटलं, फुकट खत पडलं.

शेजारच्या आजीनं कपाळाला हात लावला. "अरं येड्या, राब हाय तो! भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. आज त्यांना भाजू दिलास, तर उद्या सांगतील, आमीच कसतो हितं. तुजा साहेब तिकडं. नाय कोन म्हननार?"

साहेबांना फोन लावत राहिलो. एकदाच लागला, खरखरत. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "माझं आहे-नाही ते सगळं तिथंच आहे रे. आपला राब तू भाज." लाइन गेली.

दलालाचा पाला बांधाबाहेर लोटला. आजीनं दाखवला तसा आमचा राब रचला आणि पेटवला. दलाल रस्त्यावर गाडीत बसून बघत होता. काच खाली करून म्हणाला, "भाज, भाज. पण लावणीला मालक नको का रं?"

त्यानंतर साहेबांचा फोन लागलेला नाही. बाई रोज मला विचारतात, "जागा आहे ना?" साहेबांचं विचारत नाहीत. मीही तो विषय काढत नाही.

साहेब, तुम्ही कुठंही असा. तुमची जागा वीतभरही कमी होऊ न देता पोरीच्या हाती देईन. तुम्ही मला उभं केलंत, ते एक दिवस असंच फेडीन.