दारावरचा टॉवेल

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या जाळीच्या दाराला बाहेरून टॉवेल अडकवलेला दिसला, की त्या मजल्यावर माणसं मांजरीच्या पावलांनी चालतात. टॉवेल म्हणजे घरातला माणूस रात्रपाळी करून आलाय आणि आत झोपलाय. मग दूधवाला बेल न वाजवता पिशवी कडीला लावून जातो, गॅसवाला सिलिंडर पायरीवर आपटत नाही, पोरं चपला हातात घेऊन जिना उतरतात. बोईसरला पाळीत काम करणारी माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे कुणाची रात्र सकाळी सात वाजता सुरू होईल याचा नेम नसतो. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही. मी मात्र तिचा सगळ्यात कट्टर भक्त. मी एका केमिकल कंपनीत काम करतो, आणि झोप या एका विषयावर माझं डोकं फार लवकर फिरतं. बायको म्हणते, तुम्हाला जेवायला नाही घातलं तरी चालेल, पण उठवलं की राक्षस होता. खोटं नाही ते.

या पद्धतीला एकच वैरी होता. मुरब्याहून पाटी घेऊन येणारी मासेवाली मावशी. तिचं माहेर एडवणचं, सासर मुरब्याचं, म्हणजे समुद्राची सोबत जन्मापासूनची. ती खालच्या फाटकातून "मावरं घ्या गंऽऽ, मावरं!" म्हणून हाक द्यायची आणि वरच्या मजल्यावरच्या टाकीतलं पाणीसुद्धा हलत असेल असं मला वाटायचं. एकदा मी लुंगीवरच बाहेर येऊन तिच्यावर खेकसलो, "मावशी, जरा हळू! लोक झोपलेत."

तिने पाटी डोक्यावर तशीच ठेवून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी आवाज नाय काडला तर मावरं सोता सांगल का, मी आलंय म्हनून?"

शेवटी माझ्या बायकोने तिला टॉवेलची भानगड नीट समजावून सांगितली. ती ऐकून मावशी चटकन नरमली. "मंग आदी सांगायचा ना! माजा दादला पन रातचा दर्यावर जातो न सकाळचा निजतो. त्याला कोनी उठवला तर मी पन भांडते." त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर टॉवेल दिसला की ती पाटी अलगद खाली ठेवायची, वरच्या पायरीवर घटकाभर टेकायची आणि समोरच्या वहिनींच्या दारावर नखाने खरवडायची. वहिनी जळगावकडच्या. दार उघडून त्या खुणेनेच भाव करायच्या. मूकबधिरांची शाळा भरल्यासारखं चाललेलं असायचं सगळं.

हे एवढं पुराण सांगितलं, कारण त्याशिवाय माझ्या वडिलांवर काय ओढवलं ते कळणार नाही.

आई गेल्यावर दादा गावी एकटेच राहत होते. दादा म्हणजे माझे वडील, आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात. आमचं गाव साताऱ्याकडे, माणच्या दुष्काळी पट्ट्यात. त्यांना साखरेचा त्रास, गोळ्या चालू, आणि स्वयंपाक करणारं कुणी नाही. मी दर फोनला त्यांच्या मागे लागायचो. ते दर फोनला एकच उत्तर द्यायचे, "शहरात माणूस दार लावून मेला तरी शेजारच्याला पत्ता नसतोय." मी म्हणायचो, आमची बिल्डिंग तशी नाही हो. माणसं जीव लावणारी आहेत. असं करून करून गेल्या थंडीत त्यांना घेऊन आलो.

आल्यावर दोन-चार दिवसांतच त्यांचा चेहरा पडला. समुद्र बघून झाला, बाजार बघून झाला, आता पुढं काय? त्यातून दादा माळकरी. जिन्यात मासळीचा वास आला की नाकाला धोतराचा सोगा लावायचे. मावशीची हाक ऐकली की उठून आतल्या खोलीत जायचे. आठवडा झाला की मला परत पोचव, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मी हो हो म्हणत होतो आणि मनात वेळ मारून नेत होतो.

त्या दिवशी माझी पहिली पाळी होती. मी पहाटेच कंपनीच्या बसने गेलो. बायको पालघरला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. दादांचा उपमा ओट्यावर झाकून, गोळी वाटीत काढून ठेवून ती गाडीला गेली. घरात दादा एकटे. त्यांनी गोळी घेतली, आंघोळ केली, टॉवेल धुतला, पिळला आणि वाळत घालायला जागा शोधू लागले. आमची गॅलरी सकाळची बंद असते, थंडीत कारखान्यांचा वास खाली उतरतो म्हणून. शेतकरी माणूस, त्याला बंद काचेमागे कपडा वाळत घालणं पटेना. त्यांनी दार उघडून पाहिलं तर जिन्याच्या खिडकीतून छान कोवळं ऊन थेट आमच्या जाळीच्या दारावर पडलेलं. त्यांनी टॉवेल तिथं पसरला, दार ओढून घेतलं आणि पूजेला बसले.

टॉवेलचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या घरातल्या सवयी आपल्याला सवयी वाटतच नाहीत.

दादांची पूजा म्हणजे निवांत काम. पोटात गोळी गेलेली, अन्न नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळले. शुद्ध होती, पण अंगात त्राण नाही, दरदरून घाम, आणि तोंडातून शब्द फुटेना. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. "बाहेर माणसं येत-जात होती बघ," ते म्हणाले. "दूधवाला आला. कडी वाजली, पर बेल नाय मारली. कुनाचं तरी पोर अनवानी गेलं. मला फटीतनं पाय दिसत हुतं. मी म्हनलं, ही समदी माणसं माझ्या दाराम्होरनं चोरावानी का चालल्यात?"

बिल्डिंग त्यांची झोप जपत होती. म्हणजे माझी. मला कुणाच्या बदलीवर रात्रपाळी लागली असेल असं वहिनींना वाटलं. आमच्यात पाळ्यांची अदलाबदल नेहमीचीच.

मग मावशी आली. खाली तिने हाक दिली, वर येता येता टॉवेल पाहिला आणि आवाज गिळला. पाटी उतरवली, पायरीवर टेकली, पदराने मान पुसली. ती गप्प बसली म्हणूनच तिला ते ऐकू आलं. नेहमीसारखी ओरडत गेली असती तर काही कळलं नसतं. आतून कण्हण्याचा आवाज. तिने जाळीला कान लावला.

यानंतर तिने जी बोंब ठोकली ती म्हणे मागच्या बिल्डिंगमध्येही ऐकू गेली. वहिनी धावत बाहेर आल्या त्या ओठांवर बोट ठेवून. "शू! मावशी, टॉवेल!"

"टावेल घाल चुलीत!" मावशी गरजली. "आत मानूस कन्हतंय, तुला आयकू येत नाय? चावी आन आदी!"

आमची जादा चावी वहिनींकडेच असते. दार उघडलं तर दादा उंबऱ्यात आडवे. वहिनींच्या यजमानांनाही साखर आहे, त्यामुळे त्यांनी मागचापुढचा विचार न करता साखर आणून दादांच्या हिरड्यांना लावली. मावशीने त्यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि गालावर हलक्या चापट्या मारत राहिली, "बाबा, निजू नका! माज्याशी बोला! कंचा गाव तुमचा?" वरच्या मजल्यावरचा बिहारचा भाऊ कापड कारखान्यात काम करतो. तो बनियनवरच खाली आला. त्यानेच "चादर में उठाते हैं, चाचा को" म्हणून दादांना चादरीत घालून रिक्षापर्यंत नेलं. वहिनी बसल्या, तो बसला. मावशी बसणार नव्हती, पाटी वर राहिली होती. पण दादांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ते काही सुटेना. मग तीही बसली.

कंपनीत आत मोबाइल नेता येत नाही, आमचे फोन गेटवर ठेवलेले असतात. त्यामुळे मला निरोप मिळून मी दवाखान्यात पोचेपर्यंत दादा सलाइन लावून टक्क जागे होते. बायको पालघरहून मिळेल त्या गाडीने येत होती, उमरोळीला गाडी थांबली तेव्हा रडत मला फोन करत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मावशी बसली होती. तिने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "बाबा खाल्ल्याबिगर का बसला? उद्यापासून आदी खायाला द्या, मंग देव."

मला तिच्या पाया पडायचं होतं. मी वाकलो तर तिने मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, माजी पाटी उनात हाय, मला सोड.

पाटी उन्हात नव्हती. बिल्डिंगमधल्या बायकांनी ती जिन्याखाली सावलीत नेली होती. मासळीवर ओलं फडकं हवं हे त्यांना माहीत, आणि समोर दारावर एक ओला टॉवेल आयता. मावशी परत आली तेव्हा दादांचा टॉवेल तिच्या बोंबलांवर पांघरलेला होता. निम्मा माल घरोघरी गेला होता, त्याचे पैसे वहिनींच्या सुनेने पाटीतच ठेवले होते.

दादा घरी आले आणि ही टॉवेलची हकीगत त्यांना कुणी सांगावी यावर आमच्यात खल झाला. माळकरी माणूस, टॉवेलला बोंबलांचा वास, तोही दोनदा धुऊन न गेलेला. बायको म्हणाली, फेकून देऊ, नवा आणू. पण दादांना वहिनींनी आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी टॉवेल मागून घेतला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि खांद्यावर टाकला. "त्या बाईच्या मांडीवर पडलो हुतो तवा ह्योच वास हुता," ते म्हणाले. "त्या वासानंच मी जागा ऱ्हायलो. नायतर डोळा लागत हुता."

गावी पोचवण्याचं त्यानंतर त्यांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही, उगाच आठवण कशाला करून द्या? आता ते सकाळी उपमा आधी खातात, पूजा मागाहून करतात, आणि मग जाळीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते. बिहारच्या भावाशी ते साताऱ्याच्या मराठीत बोलतात, तो त्याच्या हिंदीत, आणि दोघांचं ऊस या विषयावर एकमत आहे. मावशी आली की पहिला प्रश्न, "बाबा, खाल्ला का?" दादांनी हो म्हटल्याशिवाय ती पाटी उतरवत नाही. त्यांना मासळी चालत नाही म्हणून उन्हाळ्यात तिने त्यांच्यासाठी ताडगोळे आणले, पदराखाली झाकून, जणू चोरीचा माल.

टॉवेलची पद्धत काही आम्ही मोडली नाही. माणसांना झोपायला तर लागतंच. फक्त आता टॉवेल दिसला तरी वहिनी दाराशी क्षणभर थांबून कानोसा घेतात. मी आत जागा असलो की मला त्यांची चाहूल लागते, आणि बरं वाटतं. या माणसांचं मी काय देणं लागतो ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी तापट माणूस, गोड बोलणं मला जमत नाही. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचे डबे घेऊन गेलो, तिथंही "घ्या" एवढंच म्हणालो.

परवा माझी रात्रपाळी झाली. सकाळी आलो, कोरडा टॉवेल दारावर लावला आणि आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच जिन्यात पाटी टेकल्याचा बारीक आवाज आला. मावशीने टॉवेल पाहिला असणार, ती गप्पच होती. आणि मग आमच्याच दारातून, खुर्चीवरून, खणखणीत हाक आली.

"मावरं आलंय गं बायांनोऽऽ! घ्या, ताजं हाय!"

ज्यांनी जन्मात मासळीला हात लावला नाही ते माझे वडील मासे विकत होते. मावशी घाबरून कुजबुजली, "बाबा, हळू! पोरगा निजलाय ना आत."

"निजू दे की," दादा म्हणाले. "तू दमून आलीस. आता हाक मी मारतो." आणि त्यांनी आणखी एकदा मारली, आधीच्यापेक्षा मोठ्याने. वरच्या मजल्यावर कुणाची तरी कडी निघाली, समोर वहिनी हसल्या.

माझ्या कपाळाला आठी पडली होती. शिवी ओठांवर आली होती. पण हाच आवाज त्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून आमच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. मी चादर ओढून घेतली आणि तो ऐकत ऐकत झोपलो.