मांडीवरचं आठशे, चालतं सहाशे

पेणला आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी पोरं सांभाळायची. माझी लेक नऊ महिन्यांची झाली आणि मला गडबच्या शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं, तेव्हा मी मावशीला महिन्याचे पैसे विचारले.

"मांडीवरचं पोर आठशे, चालतं सहाशे."

चालणाऱ्या पोरामागे तर जास्त धावावं लागतं, असं मी म्हटलं. तिनं पोळपाटाकडे बोट दाखवलं. "मांडी अडकली का पापड लाटता येत नाय गो."

पोह्याचे पापड हा तिचा खरा धंदा. घासाघीस तिला खपत नसे. पोरांना मात्र ती साहेब म्हणायची, माझ्या लेकीलासुद्धा. संध्याकाळी साहेबांनी काय खाल्लं, कुणाचे केस ओढले, सगळा पाढा वाचायची. ती काही लपवत नाही, अशी माझी खात्री होती.

महिन्याचे पैसे ती आगाऊ घ्यायची. एकदा मी आठशे दिले, तर तिनं दोनशे परत केले.

"मावशी, ती अजून चालत नाही."

ती पीठ मळत राहिली. "रविवारी घरीच हायस ना? मग साहेबांसमोर बसून रहा."

रविवारी लेकीनं पलंगाची कड सोडली आणि चार पावलं टाकून माझ्या अंगावर पडली. मी हसले, रडले, आणि मग मला ते दोनशे आठवले.

सोमवारी मी मावशीला एवढंच सांगितलं, "काल पहिल्यांदा चालली."

तिचं लाटणं थांबलं. "व्हय? बरं झालं गो, आयशीसमोरच चालली."