पेटी बंद असलेलं वर्ष

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पोस्टमध्ये मी अमेरिकेतल्या कॅजन गाण्यांना 'मस्त, नाचरी, आनंदी' म्हटलं होतं. एका मैत्रिणीने त्यातलं एक गाणं बहिणीच्या हळदीच्या रीलला लावलं... त्या गाण्यात बायको वारलेला माणूस विचारतोय, आता एकट्याने घरी जाऊन काय करू? मला हे आधी बघायला हवं होतं.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाना, म्हणजे माझे वडील, गेल्या कार्तिकात गेले. दिवसभर भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे आणि संध्याकाळी घरी पेटी वाजवायचे.

ते गेल्यापासून पेटी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. आमच्या घरी वर्ष होईपर्यंत वाद्य वाजवत नाहीत.

बंद राहून पेटीचा भाता खराब होईल अशी मला भीती वाटायला लागली. (मला कशाचीही वाटते. गॅस बंद केलाय का ते बघायला मी जिन्यातून परत येते.) म्हणून यूट्यूबवर भात्याबद्दल शोधत होते. एकातून दुसरा व्हिडिओ लागत गेला आणि अमेरिकेतल्या लुइझियानाचे एक आजोबा समोर आले...

अंगणात खुर्चीवर बसून छोटासा अकॉर्डियन वाजवत होते. शेजारी एक जण फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवत होता आणि एक बाई लोखंडी त्रिकोणावर ठेका धरत होती. अकॉर्डियनलाही भाताच असतो, पेटीसारखा. त्या भात्याने श्वास घेतला आणि मला क्षणभर वाटलं, नाना बाहेरच्या खोलीत बसलेत.

तेव्हापासून ऐकतेच आहे. नवे बँड ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन तीच गाणी जोरात वाजवतात. मला आधी ती आवडली. आता जुनी खरखरणारी रेकॉर्डिंग्ज जास्त ऐकते, ज्यात गाणारा जवळजवळ हाक मारत असतो.

या कॅजन लोकांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे. कॅनडातून हाकलले गेले आणि फिरत फिरत लुइझियानात येऊन राहिले. पुढे शाळेत फ्रेंच बोललं की मुलांना शिक्षा व्हायची, म्हणून आईबाप मुलांशी इंग्रजीच बोलायला लागले. आता त्यांची नातवंडं गाण्यांमधून ती भाषा शिकतायत.

हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. आम्ही तेलुगू विणकर. शाळेत मला कुणी हसू नये म्हणून नानांनी आधी घरीच मराठी मुळाक्षरं शिकवली, पेटीवर सूर धरून, गाऊन. अम्माही माझ्याशी मराठीच बोलायला लागली. तेलुगू उरली ती नानांच्या गाण्यात.

मागावर म्हणायचं त्यांचं एक गाणं होतं. त्याची चाल मला पूर्ण येते. शब्द पहिल्या ओळीच्या पुढे येत नाहीत... विचारायचं राहून गेलं.

त्यात पेटीची काळजी. नानांचे मित्र मल्लेशम काका यांच्या भजनी मंडळाला ती हवी आहे. नाना गेले तेव्हाच अम्मा त्यांना म्हणाली होती, "वर्ष होऊ द्या, मग न्या." पेटी मला हवी आहे हे मी बोललेच नाही. मी आधी वाजवायचे, पण नोकरी लागल्यापासून हातही लावला नव्हता, मग कुठल्या तोंडाने मागणार?

परवा रविवारी दुपारी अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी हेडफोन न लावता ते हळदीच्या रीलवालं गाणं लावलं.

"कुटलं गं हे?"

"अमेरिकेतलं. यावर नाचतात."

"नाचायचं काय त्यात? रडायलाय की तो."

मग मी अर्थ शोधला, आणि ही वरची दुरुस्ती त्यातून आली.

तिला सांगितलं, की ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपवास असतो. पूर्वी त्या दिवसांत वाद्यं वाजवायची नाहीत असा नियम होता. मग लोक नुसत्या टाळ्या वाजवून, पाय आपटून गायचे.

"म्हंजे पेटी बंद. गाणं न्हाय बंद," अम्मा म्हणाली. विडीचा दोरा तोडला.

आणि तिची बोटं सुपाच्या काठावर वाजायला लागली. ती नानांचं गाणं म्हणत होती. पहिल्या ओळीच्या पुढचं, मी कधीच नीट न ऐकलेलं, सगळं. चाल चुकली तिथे मी धरली.

"मला सूर न्हाय," ती मध्येच हसली. "तुजे नाना म्हणायचे, तू गायलीस की चालता माग बंद पडतंय." म्हणून ती त्यांच्यासमोर कधी गायली नाही. इतकी वर्षं नुसतं ऐकून तिने ते पाठ केलं होतं.

शेवटच्या कडव्याला ती थांबली. पुन्हा आधीपासून म्हणून बघितलं. पुन्हा तिथेच थांबली.

"ते त्यांनाच येत होतं," म्हणाली. ते कडवं आता कुठेच नाही. आम्ही दोघी सुपातल्या पानांकडे बघत बसलो.

मी कसंबसं म्हटलं, "अम्मा, पेटी द्यायला नको."

"मग तू सांग मल्लेशमला. मी हो म्हणून बसलेय, मला आता तोंड न्हाय." थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पर सांग."

लुइझियानाच्या त्या आजोबांना हे कधी कळणार नाही. तरी त्यांचे आभार.

कार्तिक वद्य पंचमीला, शनिवारी, नानांचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी काका जेवायला येतील, तेव्हा मी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी न्यायला येणार आहेत. ते यायच्या आत मी ती कपाटावरून उतरवणार, चादर सोडणार आणि भाता उघडून बघणार. ते दारात आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर पेटी वाजवून नानांचं गाणं म्हणणार. आहे तेवढं, शेवटच्या कडव्याशिवाय.

षष्ठीला. रविवारी.