नागवेणक्का आणि मुका प्रोब

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, मोटर-स्टार्टरच्या कारखान्यात नागवेणक्का बावीस वर्षं सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग करत होती. हात देवाचा, स्वभाव नागिणीचा. एका सुपरवायझरनं कधीकाळी तिच्या बिसीबेळे भाताला खिचडी म्हटलं होतं. तो नोकरी सोडून म्हैसूरला गेला, तरी त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन, पंगतीत बिसीबेळे भात वाढल्यावर चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, "इथली खिचडी बरी जमलीय हं," म्हणून ती परत आली.

दसऱ्याच्या आयुधपूजेची सुट्टी संपली आणि पहिल्याच सकाळी शिवप्रकाश ओरडला. हा नवा इंजिनियर. त्याच्याकडे काडेपेटीएवढी एक डबी असे, प्रोब. संगणक आणि बोर्डावरची चिप यांचं बोलणं ती जुळवून देई. आज पडद्यावर एकच रडगाणं: चिप सापडत नाही. सलग आठ बोर्डांना तेच.

"सोल्डरिंग कच्चं आहे, अक्का. वय झालं, हात थरथरतो तुमचा," म्हणत त्यानं तसं रजिस्टरात लिहूनही टाकलं. चार वाजता मालक गोपालय्या येणार, आणि अक्काची रवानगी पॅकिंगला, खोकी चिकटवायला.

अक्कानं गरम सोल्डरगन स्टँडवर ठेवली आणि पदर खोचला. ओळखणाऱ्यांनी तिथूनच दूर सरकायला सुरुवात केली.

शिवप्रकाश जेवायला गेल्यावर तिनं मीटर लावला. बोर्डाला वीज नीट. केबल बदलली, तेच रडगाणं. मग कपाटातला धूळ खाल्लेला जुना प्रोब जोडला, तर चिप लगेच बोलली. आठच्या आठ! तिनं नव्या प्रोबच्या तोंडाशी भिंग धरलं. दहा भोकांपैकी तीन बुजलेली. आत वाळलेलं गंध, वर कुंकू. पूजेला सगळ्यांच्या हत्यारांना भटजींनी बोट टेकवलं होतं. पण "माझं आयुध मीच पुजणार," म्हणत शिवप्रकाशनं आपल्या प्रोबचा मळवटच भरला होता.

दुसऱ्या कुणी गुपचूप पुसून टाकलं असतं. अक्कानं प्रोब होता तसा ठेवला आणि सावकाश दहीभात खाल्ला.

चारला ती मालकांना म्हणाली, "सर, इंजिनियरसाहेबांनी लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला सांगा. मागच्या मुलींना ऐकू आलं पाहिजे."

त्यानं ऐटीत वाचलं. अक्कानं जुना प्रोब लावून एकेक बोर्ड बोलता केला आणि मग त्याच्या हातात भिंग आणि त्याचाच नवा प्रोब दिला. "आता तुमच्या देवाचं दर्शन घ्या."

गोपालय्यांचं पोट हसून हसून हललं. त्यांनी रजिस्टरातली ओळ खोडली आणि शिवप्रकाशला दातांचा जुना ब्रश आणि स्पिरिट आणून दिलं. अक्का स्टूल ओढून समोर बसली.

"कोपऱ्यातलं भोक राहिलं. हळू घासा, साहेब, देवाचं गंध आहे, पाप लागेल."

सुटताना तो पडेल चेहऱ्यानं आला. "चुकलं, अक्का. विसरून जा."

"विसरेन की! माझ्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. तेवढी झाली की लगेच."